पहाटेचा प्रीप्रिंट, रात्रीचा पेपर

जुलै २०२३च्या शेवटच्या आठवड्यात एका पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. "अहो, ते कोरियातलं सुपरकंडक्टरचं बघितलंत का? खोलीच्या तापमानाला चालतंय म्हणे. संध्याकाळपर्यंत आठशे शब्द द्याल?" सुपरकंडक्टर म्हणजे वीज रोधाशिवाय वाहून नेणारा पदार्थ, एरवी हे कडाक्याच्या थंडीतच जमतं. मी म्हटलं, बघितलंय, पण अजून पक्कं काही नाही. "पण पेपर प्रसिद्ध झालाय ना?" झालाय, मी म्हणालो. चूक तिथेच झाली. माझ्या 'प्रसिद्ध झालाय'चा अर्थ होता, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतोय. त्यांनी ऐकलं ते असं, की नावाजलेल्या नियतकालिकाने तपासून छापलाय. मराठीत दोन्हीला क्रियापद एकच आणि दोन्ही कागदांचं नावही एकच: शोधनिबंध. मी मजकुरात 'दावा' लिहिलं होतं, मथळ्यात तो 'शोध' होऊन आला.

तेव्हापासून मी हे दोन कागद निदान बोलताना तरी वेगळे ठेवतो. पहिला प्रीप्रिंट, दुसरा पेपर. प्रीप्रिंट म्हणजे संशोधकांनी स्वतःच सार्वजनिक भांडारात ठेवलेला निबंध. पेपर म्हणजे नियतकालिकाकडे पाठवलेला, त्यांच्या संपादकाने त्याच विषयातल्या दोन-तीन परीक्षकांकडून तपासून घेतलेला, बहुधा दुरुस्त्या करवून घेतलेला आणि मग छापलेला निबंध. या तपासणीला पीअर रिव्ह्यू म्हणतात. त्याचं 'समवयस्कांनी केलेलं पुनरावलोकन' असं भाषांतर अधूनमधून छापलेलं दिसतं. वाचून वाटतं, बाकावरच्या मित्रांनी गृहपाठ तपासलाय. मी आपलं 'तज्ज्ञपरीक्षण' लिहितो.

दोघांची यायची वेळसुद्धा वेगळी. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राचं सगळ्यात मोठं भांडार म्हणजे आर्काइव्ह. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ते सुरू केलं, २००१मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं. छापून यायच्या आधी निबंधाच्या प्रती एकमेकांना पोस्टाने पाठवायची भौतिकशास्त्रज्ञांची जुनी रीत होती, प्रीप्रिंट हे नाव त्यातलंच. आर्काइव्हची ताजी यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला निघते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे दूधवाल्याची वेळ. 'नेचर' या नियतकालिकाचे निबंध बुधवारी लंडनच्या दुपारी चारला खुले होतात, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला किंवा ऋतूप्रमाणे साडेनऊला. 'सायन्स'चे गुरुवारी, आपल्याकडे मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या तासात. नियतकालिकांची ही वेळ आधीच ठरलेली असते. नोंदणी केलेल्या पत्रकारांना मजकूर काही दिवस अगोदर मिळतो, अट एवढीच की त्या घटकेपर्यंत तोंड उघडायचं नाही. या अगोदरच्या दिवसांत लेखकाशी बोलता येतं, दुसऱ्या कुणाला विचारता येतं. प्रीप्रिंटला असं काही नसतं. तो पहाटे येतो आणि सगळ्या जगाला एकाच मिनिटाला दिसतो. त्यामुळे घाई होते ती नेमकी ज्या कागदाला सवड द्यायला हवी त्याच्याच बाबतीत.

ओळखायचं कसं? आर्काइव्हच्या पीडीएफमध्ये पहिल्या पानाच्या डाव्या कडेला उभा शिक्का असतो. त्यातल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. २३०७ने सुरू होत असेल तर जुलै २०२३. शेवटी व्ही१, व्ही२ असं आवृत्तीचं चिन्ह. छापील पेपरवर बहुधा तारखा दिसतात: कधी मिळाला, कधी स्वीकारला, कधी प्रसिद्ध झाला. 'स्वीकारला' ही तारीख नसेल तर मी थबकतो. डीओआय क्रमांकावर, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकावर, मात्र विसंबू नका. तो प्रीप्रिंटलाही मिळतो. जीवशास्त्राचं भांडार बायोआर्काइव्ह आणि वैद्यकाचं मेडआर्काइव्ह, दोन्हीकडच्या निबंधांना डीओआय असतो आणि परीक्षण मात्र झालेलं नसतं. दोन रकान्यांची देखणी मांडणी हीसुद्धा खूण नव्हे, नियतकालिकाचा साचा कुणालाही उतरवून घेता येतो. 'भांडारात काहीच तपासत नाहीत' हेही खरं नाही. तिथे विषय बरोबर आहे का, निबंध निबंधासारखा आहे का, एवढं पाहणारी माणसं असतात. निष्कर्ष बरोबर आहे का, हे ती पाहत नाहीत.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की प्रीप्रिंट कच्चा, पेपर पिकलेला, विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. त्याच वर्षी त्याच विषयात दोन प्रकरणं शेजारी शेजारी घडली आणि हा समज गेला.

पहिलं अर्थातच ते कोरियाचं. २२ जुलै २०२३ला आर्काइव्हवर दोन निबंध आले. एकावर तीन लेखक, दुसऱ्यावर सहा. पदार्थाचं नाव एलके-९९. शिसं, फॉस्फेट आणि थोडं तांबं असलेला हा पदार्थ सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत सुपरकंडक्टर राहतो, म्हणजे वीज रोधाशिवाय वाहून नेतो, असा दावा. सोबत चुंबकावर अर्धवट उचलल्या गेलेल्या तुकड्याचा व्हिडिओ. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आपला नमुना बनवला, त्यात सुपरकंडक्टिव्हिटी सापडली नाही. इलिनॉयमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रोध एकदम कोसळतो ते तापमान ओळखीचं आहे. कॉपर सल्फाइड साधारण १०४ अंशांवर आपली रचना बदलतं आणि तेव्हा त्याचा रोध असाच पडतो. नमुन्यात ही अशुद्धी होती. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक वाढवले, ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. ऑगस्टच्या मध्याला खेळ आटोपला. चार आठवडेसुद्धा लागले नाहीत.

दुसरं तेव्हा अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात असलेल्या रंगा डायस यांच्या गटाचं. ८ मार्च २०२३ला त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला, परीक्षण वगैरे रीतसर होऊन. ल्युटेशियम, हायड्रोजन आणि थोडा नायट्रोजन, २१ अंश सेल्सिअस, वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाब, एवढ्यावर सुपरकंडक्टिव्हिटी मिळते असा दावा. पुढे सहलेखकांपैकीच आठ जणांनी निबंध मागे घ्यायची विनंती केली आणि ७ नोव्हेंबरला 'नेचर'ने तो मागे घेतला. आठ महिने. त्याच गटाचा 'नेचर'मधलाच २०२०चा निबंध मागे घ्यायला तर जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

म्हणजे परीक्षणाचा शिक्का नसलेला कागद चार आठवड्यांत निकालात निघाला आणि शिक्का असलेला आठ महिने उभा राहिला. याला कारण आहे. परीक्षक प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. बहुधा बिनपगारी, बहुधा निनावी, स्वतःचं काम सांभाळून ते समोर आलेला मजकूर वाचतात. आकडे जसे दिले तसे खरे धरतात. त्यांना तर्कातली फट दिसते, बनवलेला किंवा चुकून बिघडलेला आकडा सहसा दिसत नाही. तो दिसतो हजार डोळ्यांना. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जुलै २०१८मध्ये असाच एक प्रीप्रिंट आला होता: सोन्या-चांदीचे नॅनोकण, उणे ३७ अंशांच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीत असलेल्या ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातला एक आलेख मोठा करून पाहिला. दोन वेगवेगळ्या मोजण्यांमधला गोंगाट, म्हणजे ते बारीक वेडेवाकडे ठिपके, अगदी सारखे होते. गोंगाट दोनदा तोच येत नसतो. हे त्याला दिसलं कारण कागद उघड्यावर पडलेला होता.

म्हणून दोन कागदांतला फरक मी आता असा सांगतो: माझ्याआधी हे कुणी वाचलंय? पेपर असेल तर दोन-तीन माणसांनी, बंद खोलीत, काही महिने. प्रीप्रिंट असेल तर पहाटे साडेपाचला कुणीच नाही आणि महिन्याभराने कदाचित शेकडो जणांनी. खरं-खोटं हा प्रश्न त्यानंतरचा.

वैद्यकात हे गणित बदलतं, कारण तिथे महिनाभर थांबायला वाचक तयार नसतो. ३१ जानेवारी २०२०ला आयआयटी दिल्लीच्या संशोधकांचा बायोआर्काइव्हवरचा निबंध आठवत असेल. नव्या करोना विषाणूच्या प्रथिनातले चार तुकडे एचआयव्हीशी जुळतात, असं त्यात होतं. इतके छोटे तुकडे कितीतरी जिवांमध्ये जुळतात, हे जाणकारांनी लगेच दाखवलं. लेखकांनी दोन दिवसांत निबंध मागे घेतला, पण व्हॉट्सअॅपवरचा विषाणू 'माणसाने बनवलेला'च राहिला. उलटा किस्साही त्याच वर्षीचा. २२ मे २०२०ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला निबंध छापला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध करोनाच्या रुग्णांना घातक ठरतंय असं सांगणारा. तीन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतला तो भाग स्थगित केला. मूळ माहिती तपासायला द्यायची वेळ आली तेव्हा ती मिळेना आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. त्याच महिन्यात ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं औषध करोनाच्या गंभीर रुग्णांचे प्राण वाचवतं. ते आधी १६ जूनच्या प्रेस नोटमधून, मग २२ जूनच्या प्रीप्रिंटमधून आणि छापील नियतकालिकात जुलैमध्ये. परीक्षणाच्या शिक्क्याची वाट पाहणाऱ्या बातमीदाराने ती बातमी महिनाभर उशिरा दिली असती. तरीही औषधाचा प्रीप्रिंट मी एकट्याच्या भरवशावर उचलत नाही. मेडआर्काइव्ह स्वतःच वाचकाला बजावतं की यावरून उपचार ठरवू नका आणि माध्यमांनी हे सिद्ध झालेलं म्हणून देऊ नये.

गणितात तर वेगळीच तऱ्हा. रशियन गणितज्ञ पेरेलमन यांनी पॉइन्कारे अटकळीची, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं न सुटलेल्या एका कोड्याची, सिद्धता नोव्हेंबर २००२पासून आर्काइव्हवर टाकली आणि नियतकालिकाकडे कधी पाठवलीच नाही. इतरांनी काही वर्षं घालून ती तपासली. २००६चं फील्ड्स पदक, गणितातला मोठा सन्मान, त्यांना जाहीर झालं, त्यांनी तेही घेतलं नाही.

सध्या रोजची डोकेदुखी आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. या क्षेत्रात सगळं आधी आर्काइव्हवर येतं. नियतकालिकापेक्षा परिषदेला मान, त्यामुळे 'पेपर' म्हणजे परिषदेने स्वीकारलेला निबंध. त्यात एक तिसरा प्राणी घुसलाय, 'टेक्निकल रिपोर्ट'. मार्च २०२३मधला ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ मॉडेलचा रिपोर्ट आर्काइव्हवर आहे, आलेख आहेत, संदर्भसूची आहे. पण मॉडेल केवढं, डेटा कसा जमवला, किती गणनशक्ती लागली, हे सांगणार नाही असं त्यातच लिहिलंय. प्रीप्रिंटचे कपडे घातलेलं ते माहितीपत्रक. याउलट डीपसीक या चिनी कंपनीचं आर१ मॉडेल. जानेवारी २०२५मध्ये त्याचा प्रीप्रिंट आला, बाजारात खळबळ झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ला तोच निबंध आठ परीक्षकांच्या हाताखालून जाऊन 'नेचर'मध्ये छापला गेला. त्या वाटेवर आधी नसलेली माहिती आत आली. आर१च्या प्रशिक्षणाचा २ लाख ९४ हजार डॉलर हा खर्च (पायाभूत मॉडेलचा खर्च वेगळा) त्यातलाच. परीक्षणाने काय साधतं, असं कुणी विचारलं तर मी हे दोन कागद शेजारी ठेवायला सांगेन.

फ्रीलान्सरला प्रीप्रिंटचा एक आडवा फायदाही आहे. 'नेचर'चा पेपर पैसे भरल्याशिवाय उघडला नाही, तर त्याच निबंधाची आर्काइव्हवरची आवृत्ती बहुतेक वेळा फुकट मिळते. फक्त आवृत्ती पाहून घ्यायची. परीक्षकांनी मधल्या काळात एखादा आकडा खाली आणायला लावलेला असतो, कधी शीर्षकातलं 'शोध' जाऊन 'पुरावा' आलेलं असतं. व्ही१मधला आकडा उचलून 'नेचर'च्या नावावर टाकला, की पत्र येतं. मला आलंय.

खरी अडचण पैशाची आहे. पगारी बातमीदाराच्या मागे डेस्क असतं, कुणीतरी विचारतं, "हे दुसऱ्या कुणाला विचारलंस का?" माझ्या मागे भिंत आहे. पेपर असेल तर निदान दोन परीक्षकांनी माझ्या वाट्याचं थोडं काम केलेलं असतं. प्रीप्रिंट असेल तर ते काम माझं. आयसर, टीआयएफआर, आयुका अशा संशोधन संस्थांमध्ये त्या विषयातल्या पण त्या निबंधाशी संबंध नसलेल्या दोघांना तरी गाठायचं. एक जण परिषदेला गेलेला असतो, दुसरा म्हणतो वाचून उद्या सांगतो. तो उद्या सांगतो हीच मोठी कृपा. म्हणजे त्याच आठशे शब्दांना दोन दिवस जास्त.

गेल्या महिन्यात त्याच संपादकांचा पुन्हा फोन आला, बॅटरीचं काहीतरी होतं. मी सांगितलं, प्रीप्रिंट आहे, तज्ज्ञपरीक्षण व्हायचंय, मथळ्यात 'दावा' राहणार असेल आणि दोन दिवस मिळणार असतील तर लिहितो.

"घ्या की दोन दिवस," ते म्हणाले. "मानधन तेच हं पण."