ग्रॅच्युइटी अडकलीय? ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

आमच्या मजल्यावरचे एक काका रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ११ वर्षं ७ महिने मशिन ऑपरेटर होते. राजीनामा दिला, फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब आला, रजेचे पैसे होते, बोनस होता आणि ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सुटताना सर्व्हिसच्या वर्षांप्रमाणे मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) रकान्यात नुसती आडवी रेघ. विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "तुम्ही स्वतःहून सोडलीत ना, मग कसली ग्रॅच्युइटी?" काका गप्प घरी आले. मी महापेला पेरोलमध्ये आठ वर्षं काढलीत त्यामुळे हे वाक्य मला तोंडपाठ आहे, आणि ते साफ खोटं आहे हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

आधी कायद्याचं थोडक्यात. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला. मूळ हक्क तोच आहे, काही गोष्टी कामगाराच्या बाजूने वाढल्यात, त्या पुढे येतीलच. जुने नियम आणि फॉर्म नवीन संहितेशी विसंगत नाहीत तोवर, नवीन नियम येईपर्यंतच्या मधल्या काळात, चालतात, म्हणून मी खाली जुनीच फॉर्मची नावं देतोय, पण भरायच्या आधी सध्या कुठला नमुना घेतात ते एकदा ऑफिसात विचारून घ्या.

कोणाला मिळते? जिथे १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, किंवा मागच्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशी जरी होती, अशी कुठलीही फॅक्टरी, दुकान, ऑफिस, शाळा. एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली म्हणून मालकाची सुटका होत नाही. सलग ५ वर्षं सर्व्हिस हवी. राजीनामा असो, रिटायरमेंट असो, नोकरकपात असो, तिन्हीत मिळते. मृत्यू झाला किंवा अपघात-आजाराने कायमचं अपंगत्व आलं तर ५ वर्षांची अटच नाही. फिक्स्ड टर्मवाल्यांना नव्या संहितेत १ वर्षावर हक्क मिळालाय, ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत ठरावीक मुदतीच्या लेटरवर लागलेल्या पोरांनी हे नीट लक्षात घ्या. अप्रेंटिसचा काळ यात धरत नाहीत, प्रोबेशनचा मात्र धरतात.

"सलग" म्हणजे एकही खाडा नाही असं नव्हे. वर्षात २४० दिवस काम भरलं तर ते वर्ष सलग धरतात, आणि ५ दिवसांचा आठवडा असेल तर १९० दिवस. पगारी रजा, ले-ऑफ (कंपनीने काम नाही म्हणून घरी बसवलेले दिवस), बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजा हे कामाचेच दिवस मोजायचे. ४ वर्षं आणि २४० दिवस झाले की पाचवं वर्ष पूर्ण धरावं असे कोर्टाचे निकाल आहेत, पण त्यावर कंपन्या भांडतात, तेव्हा शक्य असेल तर दोन-तीन महिने दात-ओठ खाऊन काढा आणि मग राजीनामा द्या, हा माझा व्यवहारी सल्ला.

हिशोब सोपाय. शेवटच्या महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. काकांचा बेसिक-डीए १८,२०० होता. २६ ने भागलं की ७००, पंधरापट केले की १०,५००, म्हणजे वर्षाला साडेदहा हजार. आता इथे लोक फसतात बघा, शेवटचे महिने ६ पेक्षा जास्त असले की ते पूर्ण वर्ष धरायचं असतं. ११ वर्षं ७ महिने म्हणजे १२, रक्कम १,२६,०००. ११ वर्षं ५ महिने असते तर ११ च. कमाल मर्यादा २० लाख, आणि प्रायव्हेटवाल्यांना तेवढ्यापर्यंत टॅक्सही नाही.

नवीन संहितेत पगाराची व्याख्या बदललीय. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. बेसिक मुद्दाम ३० टक्के ठेवून बाकी सगळं "स्पेशल अलाउन्स" मध्ये टाकायची जी युक्ती होती (आम्हीच बनवायचो तसल्या शीट, खोटं कशाला बोलू) ती आता ग्रॅच्युइटीला चालत नाही. आणि सीटीसीत (कंपनी ऑफर लेटरमध्ये दाखवते तो वर्षाचा एकूण खर्च) बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी दाखवतात ते काय? तर १५ भागिले २६ भागिले १२, तेवढंच ते. ती रक्कम सीटीसीत लिहिली म्हणून पाच वर्षांच्या आत सोडल्यावर मिळत नाही, आणि पुढे हक्क झाला की "तुम्हाला दरमहा दिलीच की" असंही म्हणता येत नाही.

आता अर्ज. खरं तर अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवणं ही मालकाचीच जबाबदारी कायद्यात लिहिलीय. पण वाट बघत बसू नका. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत फॉर्म आय भरून कंपनीला द्या. नॉमिनी असेल तर फॉर्म जे, वारस असेल तर फॉर्म के, त्याला १ वर्ष. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, कारण नीट लिहून द्यायचं. फॉर्मची दुसरी कॉपी घ्या आणि तिच्यावर इनवर्डचा (कागद मिळाल्याचा) शिक्का, तारीख, सही मागा. शिक्का मारत नसतील तर रजिस्टर पोस्टाने एडीसकट (पोचपावतीसकट) पाठवा आणि स्कॅन ईमेलवरही टाका. मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो असताना तोंडी आलेला माणूस "बघतो, पुढच्या आठवड्यात या" वर परत जायचा, आणि शिक्का मागणाऱ्याची फाईल त्याच दिवशी साहेबांकडे जायची. एवढाच फरक.

अर्ज पोचल्यावर १५ दिवसांत कंपनीने फॉर्म एल मध्ये रक्कम आणि तारीख कळवायची किंवा फॉर्म एम मध्ये नाकारायचं कारण द्यायचं. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत हातात पडले पाहिजेत, नाहीतर वर साधं व्याज, वर्षाला १० टक्के.

काहीच आलं नाही, नाकारलं किंवा कमी दिलं, तर फॉर्म एन, ९० दिवसांच्या आत. हा कुठे द्यायचा इथे अर्धी लोकं चुकतात. कंपनी फक्त महाराष्ट्रात असेल तर राज्याची यंत्रणा, म्हणजे ठाणे जिल्ह्यासाठी ठाण्याचं लेबर कोर्ट. पण कंपनीच्या शाखा एकापेक्षा जास्त राज्यांत असतील तर केंद्र सरकारची यंत्रणा, म्हणजे मुंबईतले केंद्रीय सहाय्यक कामगार आयुक्त. ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या बऱ्याच कंपन्यांच्या बंगलोरला शाखा असतात, त्यांचा माणूस ठाण्याला फेऱ्या मारतो आणि सहा महिन्यांनी कळतं की दार चुकलं. आणखी एक, तळोजा आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, आपण सरसकट नवी मुंबई म्हणतो तरी.

अर्जात सोबत लावा: अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा कागद, रिलीव्हिंग लेटर, आधार, बँक पासबुकचं पहिलं पान, फॉर्म आय दिल्याची पोच आणि हिशोबाचा कागद. लेटरच दिलेलं नाही असे खूपजण आहेत, वागळे इस्टेटच्या छोट्या गाळ्यांत तर सर्रास. त्यांनी घाबरू नये. ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) साईटवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून सर्व्हिस हिस्ट्री काढा, त्यात जॉइनिंगची तारीख असते, सोबत ईएसआयसीचं कार्ड, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, गेटपास, काही काही सापडेल ते. नोकरी चालू असतानाच हे सगळं मोबाईलमध्ये काढून ठेवा, नंतर कंपनीचा ईमेल बंद होतो आणि स्लिपा त्यातच राहतात.

ठेकेदारीवाल्यांचं प्रकरण किचकट आहे. दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं, गेटही तेच, सुपरवायझरही तोच, आणि सर्व्हिस मात्र शून्यापासून. अशा वेळी अर्जात सगळे ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा आणि त्याच गेटवर काम केल्याचे पुरावे जोडा. एपीएमसीतल्या माथाडींचा मार्ग वेगळा, त्यांची नोंद १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळात असते, तिथेच विचारायचं.

कंपनी निकालाविरुद्ध ६० दिवसांत अपील करू शकते पण आधी रक्कम भरावी लागते, नुसतं ताणून धरता येत नाही. निकालानंतरही दिले नाहीत तर वसुली कलेक्टरमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी.

नाकारायची कारणं मोजकी आहेत. कंपनीचं नुकसान केलं म्हणून काढलं तर तेवढ्या नुकसानीपुरतीच कपात. दंगा, मारामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून काढलं तरच पूर्ण किंवा अंशतः जप्ती. नोटिस पिरियड भरला नाही, लॅपटॉपला चरा पडला, समोरच्या कंपनीत गेला, यातलं काहीच त्यात बसत नाही.

नॉमिनेशन, फॉर्म एफ, बघून घ्या. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं आणि नंतर बदललंच नाही अशी घरं मी पाहिलीत, मग बारसं झालं तरी कंपनीच्या फाईलीत माणूस अजून एकटाच.

"सर्व येणी मिळाली" अशा कागदावर सही मागतील. ग्रॅच्युइटी आली नसेल तर सहीच्या वर हाताने लिहा, "ग्रॅच्युइटी वगळून", आणि फोटो काढा.

काकांना फॉर्म एन पर्यंत जावं लागलं नाही. फॉर्म आय चा शिक्का मिळाल्यावर पाचव्या आठवड्यात चेक आला, १,१५,५०० चा. ११ वर्षं धरलेली. मग वरच्या ७ महिन्यांसाठी एका पानाचं दुसरं पत्र लिहिलं, त्यालाही शिक्का घेतला, आणि उरलेले १०,५०० पुढच्या महिन्यात खात्यात आले.