टाइलांचे नकाशे आले कुठून?

घरच्या घरी गेम बनवायला बसलेला माणूस आज बहुतेक वेळा सोळा बाय सोळा पिक्सेलच्या तुकड्यांचा, म्हणजे टाइलांचा, एक संच उतरवून घेतो, नकाशा मांडायचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, उघडतो आणि गवत, पाणी, भिंत असे तुकडे चौकटीत भरत सुटतो. लॅपटॉपमध्ये कित्येक जीबी मेमरी असते. अख्खी लेव्हल एकाच मोठ्या चित्रात रंगवली तरी त्याला जड जाणार नाही. तरी चौकट काही सुटत नाही. ही रीत पडली तेव्हा मेमरी बाइट मोजून वापरावी लागत होती.

१९८० चा 'पॅक-मॅन' हा खेळ घ्या. त्याचा पडदा २८ बाय ३६ चौकटींचा, प्रत्येक चौकट आठ बाय आठ पिक्सेलची. ही चौकट नुसती चित्रापुरती नव्हती. कुठे वळायचं हे खेळाडूचा पाठलाग करणारी भुतंसुद्धा चौकटीगणिक ठरवतात. म्हणजे नकाशा हाच खेळाचा नियम झाला होता, आणि मला वाटतं, ही पद्धत टिकली त्यामागचं मोठं कारण हेच.

टंचाई खरी कळते ती १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्रात. पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा साठवायचा तर, चारच रंग धरले तरी, १५ केबी लागतात. यंत्रात चित्रासाठी रॅम होती २ केबी. मग तुकड्यांची चित्रं कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, ठेवली आणि रॅममध्ये फक्त त्यांचे क्रमांक: ३२ गुणिले ३० चौकटी, म्हणून ९६० बाइट. कुठे कोणते रंग याची नोंद आणखी ६४ बाइटमध्ये. झाला एका केबीत पडदा! पण त्या ६४ बाइटमुळे सोळा बाय सोळा पिक्सेलच्या गटाला एकच रंगसंच मिळायचा. आजच्या हौशी गेममध्ये हा आकार इतका दिसतो, त्याचं एक मूळ या यंत्रांत आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा गेम ४० केबीत बसला. त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर हा गेम खेळलेल्यांपैकी कितींच्या हे लक्षात आलं असेल, कोण जाणे.

पीसीची गोष्ट वेगळी. तिथे टाइल मांडणारं हार्डवेअरच नव्हतं, त्यामुळे पडदा सरकवायचा तर सगळा नव्याने रंगवावा लागे आणि चित्र अडखळे. १९९० मध्ये अमेरिकेत जॉन कार्मॅक या प्रोग्रॅमरने यावर तोड काढली: सरकल्यावर ज्या चौकटीतला तुकडा खरोखर बदलला, तेवढीच पुन्हा रंगवायची. निळ्या आभाळाशेजारी निळंच आभाळ असेल तर कामच नाही. 'कमांडर कीन' हा गेम त्यावर उभा राहिला. त्याचे नकाशे कार्मॅकचा सहकारी जॉन रोमेरो याच्या टेड नावाच्या टाइल एडिटरमध्ये बनले, आणि १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'चे ६४ बाय ६४ चौकटींचे मजलेही. म्हणजे त्रिमितीय दिसणाऱ्या खेळाच्या पोटातही तोच सपाट तक्ता.

अशी हत्यारं बहुधा कंपन्यांच्या आतच राहायची. हौशी माणसाला हाताशी धरलं ते आरपीजी मेकर या गेम बनवायच्या जपानी सॉफ्टवेअरने आणि पुढे थोर्ब्यॉर्न लिंडाइयर यांच्या टाइल्ड या मोफत एडिटरने. टाइल्डची फाइल उघडून पाहिली तर मूळ रचना ओळखीचीच वाटते: रांगेने मांडलेले तुकड्यांचे क्रमांक.

किचकट काम उरतं ते काठांचं. गवत संपून पाणी सुरू होतं तिथे कोपऱ्यांचे तुकडे हातानं जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. त्यावरचा उपाय खेळांच्या जगाबाहेरून आला. हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये कडा रंगवलेल्या चौरसांचा विचार मांडला होता: शेजाऱ्यांच्या कडांचे रंग जुळले तरच ते लागून बसणार. तोच नियम कोपऱ्यांना लावला, तर चार कोपरे आणि जमिनीचे दोन प्रकार (गवत, पाणी) मिळून सोळा तुकडे होतात. तेवढे काढून ठेवले, की पाण्याचा ब्रश फिरवताच किनारा एडिटरच लावून देतो.