मालीश : स्नायूंचा ताण आणि प्रकाराची निवड

श्रमाने आंबलेले, एकाच जागी बसून आखडलेले किंवा दुखापतीतून सावरणारे स्नायू हाताने चोळून, मळून व दाबून सैल करण्याची क्रिया. तिचे प्रकार पुष्कळ आहेत. पण कोणता घ्यावा हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : ताण कशाने आला आणि श्रम होऊन किती वेळ लोटला. ‘जितके दुखेल तितका गुण येईल’ हा समज सर्रास आढळतो आणि निवडीतल्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

सौम्य प्रकारांत ‘स्वीडिश’ मालीश सर्वांत परिचित आहे. तिचे श्रेय सहसा पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) या स्वीडिश व्यायामशिक्षकांना दिले जाते. मात्र लांब हात फिरवणे, मळणे, घासणे व थापटणे ही हातांच्या क्रियांची विभागणी योहान मेझगर (१८३८–१९०९) या डच डॉक्टरांनी रूढ केली. मनाचा शीण, अपुरी झोप, सर्वांगाला आलेला जडपणा यांसाठी हा प्रकार पुरेसा असतो.

व्यायामानंतर अंग आंबते त्याचा विचार वेगळा करावा लागतो. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने निघून जाते, असे जिममध्ये हमखास सांगितले जाते. ते खरे नाही. श्रम थांबल्यावर लॅक्टेटचे (याच आम्लाच्या शरीरातील रूपाचे) प्रमाण साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११ तरुणांना पार थकेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटे मालीश केली. दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा लॅक्टेटमध्ये फरक आढळला नाही. मालीश केलेल्या पायात दाहाचे (इजेनंतर येणाऱ्या सुजेचे) संकेत मात्र कमी होते. मालिशीने ताकद लवकर परत येते याला भक्कम पुरावा नाही. दुखणे कमी वाटते आणि हालचाल मोकळी होते, हा तिचा खरा लाभ, आणि थकलेल्या माणसाला तो थोडा नव्हे.

म्हणून आंबलेल्या अंगाला पहिले दोन दिवस हलकाच हात लावावा : पोटरीपासून वर, मांडीपासून कमरेकडे, सलग आणि संथ. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाच्या ठिकाणी सेवेकरी तेल लावून चेपतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचे असणाऱ्या पायांना नेमकी अशीच मालीश हवी.

कोल्हापूरच्या तालमींतील रीत याहून जोरकस आहे. मेहनत झाल्यावर पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात. मांड्या, पाठ पायाने तुडवण्याचीही पद्धत आहे. रोजच्या जोर-बैठकांनी कसलेले शरीर हा दाब सोसते, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये. स्पर्धेच्या तोंडावर खेळाडूही खोल दाब टाळतात. तेव्हाची मालीश थोडक्यात आटपणारी आणि झपझप हाताची असते. स्नायू गरम व्हावेत, ढिले पडू नयेत, हा तिचा हेतू असतो.

खोल दाबाची मालीश उपयोगी पडते ती जुन्या, ठरावीक जागी बसलेल्या ताणाला. संगणकापुढे बसणाऱ्यांच्या मान आणि खांद्याच्या मध्ये बोटाला गाठ लागते आणि ती दाबली की कळ डोक्यापर्यंत जाते. अशा बिंदूंचा सविस्तर अभ्यास अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हल यांनी केला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या त्या वैयक्तिक डॉक्टर होत्या. गाठीवर अंगठा स्थिर ठेवून अर्धा ते एक मिनिट दाब द्यावा. ज्याला मालीश होते त्याचा श्वास अडखळला, तर दाब जास्त झाला असे समजावे, कारण वेदनेने स्नायू उलट आवळतो. बसण्याची ढब तीच राहिली तर गाठ पुन्हा येते.

सांधे आखडले असतील तर थाई मालीश बरी. तीत तेल न लावता अंग ताणले जाते. ‘नुआद थाई’ या नावाने तिचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आयुर्वेदातील अभ्यंग कोमट तेलाने करतात. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तो श्रम आणि वात घालवणारा म्हटला असून अजीर्ण झालेल्याला वर्ज्य सांगितला आहे. महाराष्ट्रात घरोघरी चालणारी काशाची वाटी तळपायांना तूप किंवा तेल लावून घासतात. पाय काळपट झाले की ‘उष्णता निघाली’ म्हणतात. प्रत्यक्षात तो रंग वाटीतील धातू घासल्याने येतो. तरीही दिवसभर उभे राहणाऱ्याला तिने आराम पडतो.

ताप, त्वचेचा संसर्ग किंवा हाड मोडल्याची शंका असल्यास मालीश करू नये. मुरगळलेल्या सुजऱ्या घोट्याला पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल, विशेषतः लांबचा प्रवास किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी खोल दाब टाळावा. केशकर्तनालयात चंपीनंतर मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढतात, तो कोणीही करून घेऊ नये : या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण धोका खरा आहे.