ल्युपिन आणि हमिंगबर्ड : ही जोडी जमली कशी?

अमेरिकेत ल्युपिनचं रोप विकत घेताना 'हमिंगबर्ड येतात' असं हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण फूल उघडून पाहिलं की कोडं पडतं. ताग किंवा खुळखुळ्यासारखंच हे शेंगवर्गीय फूल. बाजूच्या दोन पाकळ्या चिमटीत धरून हळूच खाली दाबा. मधल्या होडीसारख्या पाकळीच्या टोकातून केशरी परागाची बारीक वळी बाहेर पडते, सोऱ्यातून शेव पडावी तशी. हे दाबण्याचं काम बंबलबी ही जाडजूड, केसाळ माशी फुलावर बसून करते. हमिंगबर्ड मात्र हवेत तरंगत चोच घालतो, फुलावर भार देत नाही. शिवाय बहुतेक ल्युपिनच्या फुलांत मकरंद जवळपास नसतोच. माशी येते ती परागासाठी. मग मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्याशी या फुलाचं नाव जोडलं गेलं कसं?

नावापासूनच या झाडाच्या वाट्याला गैरसमज आले आहेत. लॅटिनमध्ये 'लूपुस' म्हणजे लांडगा. हे झाड जमिनीचा कस लांडग्यासारखं ओरबाडून खातं, अशी समजूत त्या नावामागे असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. रोमन शेतकऱ्यांना याचा अनुभव होता. आपण ताग गाडतो तसं ते पांढरं ल्युपिन हिरवळीच्या खतासाठी वापरत. पडीक, रेताड जमिनीवर ते तगतं म्हणून कस गेल्याचा आळही त्याच्यावरच!

बागेतल्या ल्युपिनची गोष्ट बरीच अलीकडची. स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक डेव्हिड डग्लस यांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून लुपिनस पॉलिफिलस ही उंच, निळी जात 1826 च्या सुमारास ब्रिटनला पोहोचवली. पुढची जवळपास शंभर वर्षं ती बागांत होती, पण बहुतेक निळ्याच छटांत. तिला रंग दिले ते यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्याने. वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1911 च्या आसपास, भाड्याच्या छोट्या वाफ्यांत त्यांनी वेगवेगळी ल्युपिनं शेजारीशेजारी लावली. संकर करायचं काम बंबलबींवर सोडलं आणि स्वतः फक्त निवड केली : न आवडलेलं रोप सरळ उपटून टाकायचं. जून 1937 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लाल, गुलाबी, पिवळी, दुरंगी कणसं पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. आज 'रसेल ल्युपिन' म्हणून बी मिळतं ते या वाणाचं.

हे रंगीत वाण मग अमेरिकेतही बागांमध्ये रुजले. त्याचा एक कडू भाग सांगायलाच हवा. मेन राज्यात जूनमध्ये रस्त्याकडेला निळ्याजांभळ्या ल्युपिनचे ताटवे फुलतात, ते बहुतांशी पश्चिमेकडून आलेल्या जातीचे. पूर्वेचं मूळ ल्युपिन, लुपिनस पेरेनिस, तिथून केव्हाच नाहीसं झालं. 'कार्नर ब्लू' या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या फक्त ही मूळ जातच खातात. कादंबरीकार नाबोकोव्ह यांनी शास्त्रीय वर्णन केलेलं हे फुलपाखरू 1992 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा पूर्व किनाऱ्यावर राहत असाल तर बी घेताना जातीचं नाव नीट वाचा.

आता हमिंगबर्डकडे. अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम 3 ग्रॅम. वसंतात ती दक्षिणेकडून परतते, उत्तरेत साधारण मे महिन्यात. तिथे ल्युपिनही मे-जूनमध्येच फुलतं. नवीन बागेत आलेला हा पक्षी उठून दिसणारं प्रत्येक फूल तपासतो. रसेलच्या लाल कणसांतही चोच घालून पाहतो, काही नसलं की पुढे जातो. त्याला टिकवून धरायचं तर शेजारी लाल कोलंबाइन, बी-बाम आणि उन्हाळ्याच्या शेवटाला कार्डिनल फ्लॉवर हवं. मकरंद तिथे असतो.

तरीही ल्युपिनभोवती हमिंगबर्ड घुटमळताना दिसला तर नवल नाही. नुसत्या गोडावर त्याचं भागत नाही. प्रथिनांसाठी तो बारीक किडे टिपतो आणि पिल्लांनाही भरवतो. ल्युपिनच्या कोवळ्या दांड्यांवर मावा भरपूर पडतो. माळी ज्याच्यावर फवारणी करायला धावतो, तो हाच मावा.