ऑपरेशन झालं म्हणजे केमो आलीच?

टाके निघतात न निघतात तोच घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता केमो. स्तनाचा कॅन्सर म्हटलं की ती चुकत नाही." वर्षानुवर्षं ऐकलेलं हे वाक्य सरसकट खरं नाही.

फाइलमधला पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा. ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोन पकडणारे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) अशी तीन नावं दिसतील; प्रत्येकापुढे पॉझिटिव्ह म्हणजे आहे, निगेटिव्ह म्हणजे नाही. पुढचे उपचार बरेचसे तिथेच ठरतात. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला नसेल, तर स्तनातून काढलेल्या गाठीतल्या 21 जनुकांची चाचणी करून आजार परत येण्याचा धोका सांगणारा 0 ते 100 असा आकडा काढता येतो. टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. आकडा 11 ते 25 असलेल्यांपैकी काहींना केमो आणि हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना फक्त गोळ्या. 9 वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मात्र पन्नाशीपर्यंतच्या बायकांत आकडा 16 किंवा त्याच्या पुढे असेल, तर केमोचा थोडा फायदा दिसला.

पण एक विनंती, हे वाचून केमो नाकारू नका. ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह आजारात, अगदी छोटी गाठ सोडली तर, केमो बहुतेकदा लागतेच. आणि ईआर पॉझिटिव्ह आजारातली रोजची टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी? ती निदान 5 वर्षं घ्यायची असते, आणि बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली जाते. माझी खरी काळजी तिथे आहे.

डॉक्टरांना सरळ विचारा: "केमोने माझ्या बाबतीत नेमका किती फायदा होईल?"