फीबस आणि हेलिओस: यातला सूर्य कोण?

फीबस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव, असं सर्रास लिहिलं जातं. तोच अर्थ धरून होमरचं ‘इलियड’ हे ग्रीक महाकाव्य उघडलं, तर पहिल्याच सर्गात ठेच लागते. पुजारी क्रायसीसचं गाऱ्हाणं ‘फीबस अपोलो’ ऐकतो आणि रागाने देवांच्या ऑलिंपस पर्वतावरून उतरतो. खांद्यावरचे बाण खणखणत असतात, आणि होमर म्हणतो, तो रात्रीसारखा आला. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. नऊ दिवस बाण बरसत राहतात. सूर्य रात्रीसारखा कसा येईल?

कारण हा सूर्य नव्हेच. फीबस हे अपोलोचं विशेषण आहे: तेजस्वी, निर्मळ. भास्कर, दिनकर ही आपल्याकडे थेट सूर्याचीच नावं, म्हणून आपली गफलत होते. त्यापेक्षा पांडुरंग आठवा. शब्द रंगाचा, पण देव विठ्ठल.

होमरचा सूर्य हेलिओस. त्याच ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगॅमेम्नॉन शपथ घेताना त्याला साक्षी ठेवतो, कारण तो सगळं पाहतो, सगळं ऐकतो. होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्यात हेलिओसच्या गाईंचे सात कळप आहेत, प्रत्येकात 50. काव्याचा नायक ओडिसियस याची माणसं त्यातल्या गाई कापून खातात, तेव्हा हेलिओस देवांचा राजा झ्यूस याला धमकावतो: भरपाई झाली नाही तर पाताळात जाऊन मेलेल्यांना उजेड देईन. ही धमकी अपोलोच्या तोंडी शोभणारच नाही.

दोघांची सरमिसळ पुढे झाली. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘फेथॉन’ नाटकाच्या उरलेल्या तुकड्यांत ती स्पष्ट दिसते, आणि रोमन कवींनी ती रूढ केली. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये तर पहिल्या खंडातला फीबस पायथन या अजस्र सापाला मारतो, डॅफ्नी या अप्सरेमागे धावतो, दुसऱ्या खंडातला फीबस चार घोड्यांचा सूर्यरथ बाळगणारा, फेथॉनचा बाप. म्हणून नावापेक्षा हातात काय आहे ते बघा. धनुष्य, वीणेसारखं वाद्य, रोगराई, भविष्यकथन असेल तर अपोलो. रथ, घोडे, उगवणं-मावळणं असेल तर सूर्य.

हायपीरियन हे घोटाळ्याचं तिसरं नाव. होमरमध्ये ते बहुधा हेलिओसचंच बिरुद, हेसिअड या ग्रीक कवीमध्ये हेलिओसचा बाप.

अनुवादात याचा फार फरक पडतो. शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलाइन’मधल्या पहाटगाण्यात फीबस उगवतो आणि त्याचे घोडे फुलांच्या पेल्यातलं दव पितात, तिथे ‘भास्कर’ बेधडक लिहा. ‘इलियड’मध्ये मात्र ‘तेजस्वी अपोलो’च हवा.