क्लचची तार आणि वळणांचं गणित

पावसाळा सरता सरता गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते, बाइकचा क्लच हार्ड झालाय. सोबत मालकाचं निदानही तयार असतं, प्लेटा गेल्या. हा समज इतका पक्का आहे की कित्येकजण चांगल्या प्लेटा बदलून घेतात आणि लिव्हर तरी कडकच राहते. प्लेटा म्हणजे क्लचमधल्या, एकमेकींवर दाबून इंजिनाचा जोर चाकाकडे पाठवणाऱ्या चकत्या. त्या झिजल्या की क्लच घसरतो. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने वेग धरत नाही. लिव्हर जड होण्याशी याचा संबंध नाही. उलट प्लेटा पातळ झाल्या की त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा किंचित सैलच पडतात. लिव्हर कडक झाली की पहिला संशय घ्यायचा तो हँडलपासून इंजिनपर्यंत गेलेल्या क्लच वायरवर.

ही वायर म्हणजे दोन भागांची जोडी. आत पोलादाच्या बारीक तारा पिळून केलेली इनर. बाहेर पोलादाच्या पट्टीचं घट्ट वेटोळं, त्याच्या आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी आणि वरून प्लास्टिकचं आवरण, ते आऊटर. आपण इनर ओढतो तेव्हा आऊटर तेवढ्याच जोराने दाबलं जातं. ते दाब सोसतं म्हणूनच तार वाकड्या वाटेनेही ओढता येते. एर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी या रचनेचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. (रॅले सायकलवाले फ्रँक बाउडेन वेगळे, दोघांच्या नावांची नेहमी गल्लत होते.)

खरी गंमत त्या वाकड्या वाटेतच आहे. वळणावर असलेला तारेचा एक अगदी छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन्ही टोकांनी ताण आहे, पण तुकडा वाकलेला असल्यामुळे दोन ताणांच्या दिशा किंचित वेगळ्या आहेत. त्यामुळे तुकडा आतल्या बाजूच्या भिंतीवर दाबला जातो. हा दाब म्हणजे ताण गुणिले त्या तुकड्याचा कोन, कोन अर्थातच रेडियनमध्ये. या दाबाला घर्षणांकाने गुणलं की त्या तुकड्यातलं घर्षण मिळतं. म्हणजे जितका ताण जास्त, तितकं घर्षण जास्त. आता इंजिनाकडून हाताकडे येऊ. पहिल्या तुकड्याच्या घर्षणाने ताण थोडा वाढला. दुसऱ्या तुकड्याला हा वाढलेला ताण ओढायचा आहे, म्हणून त्याचं घर्षण आणखी जास्त. तिसऱ्याचं त्याहून जास्त. अगदी चक्रवाढ व्याजासारखं. सगळे तुकडे जोडले की उत्तर येतं: हाताकडचा ताण म्हणजे इंजिनाकडचा ताण गुणिले २.७१८ या संख्येचा घात, आणि घातांक म्हणजे घर्षणांक गुणिले वळणांचा एकूण कोन. हे सूत्र लिओनार्ड ऑयलर आणि योहान आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं.

जेटीवर होडी बांधणारे लोक याच नियमावर रोज विसंबतात. घर्षणांक ०.३ धरला, तर खांबाभोवती दोराचा एक वेढा हाताचा जोर साडेसहा पट करतो आणि तीन वेढे २८० पटींहून जास्त. म्हणून एक माणूस दोराचं टोक नुसतं धरून भरलेली होडी थोपवू शकतो. जेटीवर जे वरदान, तेच क्लच वायरमध्ये संकट.

आकडे घालून पाहू. वाटेतली सगळी वळणं मिळून १८० अंश, म्हणजे ३.१४ रेडियन. इंजिनाजवळच्या, क्लच सोडवणाऱ्या दांड्याला हवा आहे १०० न्यूटन ताण, साधारण १० किलो वजन उचलायला लागतो तेवढा. चांगल्या, आत टेफ्लॉन असलेल्या वायरचा घर्षणांक ०.१ धरला, तर तारेच्या लिव्हरकडच्या टोकाला १३७ न्यूटन लागतात. तेल सुकलं, पाणी शिरलं, गंजाची लाल भुकटी आणि रस्त्यावरची धूळ यांचं लुकण झालं आणि घर्षणांक ०.३ वर गेला, तर २५७. घर्षणांक तिप्पट झाला, पण घर्षणापोटी जाणारा जादा जोर ३७ वरून १५७ वर, म्हणजे चौपटीच्या वर गेला. लिव्हरच्या तरफेमुळे बोटांना यातला काही भागच जाणवतो, पण वाढ त्याच प्रमाणात.

या सूत्रात वळणाची त्रिज्या कुठेच नाही, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मोठ्या वळणात तार जास्त लांबीभर घासते, पण दर सेंटिमीटरला कमी दाबली जाते, आणि हिशोब बरोब्बर फिटतो. अर्थात फार तीव्र वळणावर खुद्द तार वाकवायलाच जोर लागतो आणि आतली नळी लवकर कापली जाते, म्हणून तीव्र वळण टाळायचंच. पण डावं वळण आणि उजवं वळण एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. टाकीखालून वायर नेताना मूळ क्लिप सोडून कुठूनतरी ओढून घेतली, नागमोडी झाली, की नवी कोरी वायरसुद्धा जड लागते. तेल घालून घर्षणांक निम्मा करा किंवा वाट सुधारून एकूण कोन निम्मा करा, फळ एकच.

आता निदानाकडे. घर्षण नेहमी हालचालीच्या विरुद्ध असतं. लिव्हर ओढताना ते हाताला नडतं, सोडताना स्प्रिंगला. त्याच गंजक्या वायरमध्ये परत येताना १०० न्यूटनपैकी लिव्हरपर्यंत पोहोचतात फक्त ३९. म्हणून लिव्हर ओढायला जड आणि परत यायला आळशी असेल, तर दोष वायरचा किंवा लिव्हरच्या पिनेचा. ओढायला जड, पण सोडल्यावर फटकन परत येत असेल, तर इंजिनाच्या बाजूला पाहा, कोणी जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या असतील. आणि ही आळशी लिव्हरच पुढे प्लेटांना खाते. क्लच पूर्ण जोडला न जाता अर्धवट राहतो, प्लेटा घसरत तापतात. म्हणजे प्लेटा गेल्यामुळे लिव्हर कडक होत नाही, कडक वायरमुळे प्लेटा जातात.

खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून वायर दोन्हीकडून सोडवा आणि इनर हाताने मागेपुढे करा. सहज सरकली तर वायर निर्दोष, लिव्हरची पिन आणि खालचा दांडा तपासा. अडकत असेल तर वरचं टोक उभं धरा, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून आऊटरच्या तोंडाला टेपने नरसाळ्यासारखा बांधा आणि पातळ मशीन ऑइल सोडा. इनर हलवत राहा. खालून आधी काळपट लाल पाणी येतं, मग स्वच्छ तेल. रात्रभर टांगून ठेवली तर उत्तम. जाड ग्रीस आत घालू नका, ते धूळ धरून बसतं. ग्रीसची जागा पिनेवर आणि निपलवर, म्हणजे लिव्हरच्या खाचेत बसणाऱ्या तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीवर.

खोबरेल तेलाचा उपाय सांगणारे फॉरवर्डही फिरत असतात. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीत न्हाणीघरातली बाटली पाहिली असेलच, तेच नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी वायरच्या आत होतं. जुनं इंजिन ऑइलही नको, त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. डब्ल्यूडी-४० हा १९५३ पासूनचा फवारा मुळात पाणी हटवण्यासाठी बनला. गंज सोडवायला तो चांगला, पण त्यातला बराचसा द्राव उडून जातो, म्हणून त्याच्यामागून तेल हवंच.

वायर वर्षात दोनदा तुटली की घरातलं कोणीतरी म्हणतं, गाडी लाभत नाही. मग लिंबू-मिरची, नंबरांची बेरीज. तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. बहुधा निपलपासून काही मिलिमीटरवर एकेक धागा वेगवेगळ्या वेळी तुटलेला दिसेल, आधी तुटलेल्यांची टोकं गंजून काळी, शेवटच्यांची चकचकीत. निपल लिव्हरच्या खाचेत सुकून बसलं की फिरत नाही, मग प्रत्येक वेळी तारच त्या एका जागी वाकते. धातूला थकवा येतो आणि धागे एकामागून एक जातात. त्या खाचेत बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस हा यावरचा उपाय. धागे सुटलेली वायर मात्र तेल घालून वाचत नाही, ती बदलायची आणि त्याच वाटेने, त्याच क्लिपांतून बसवायची.

जोडून झाल्यावर ॲडजस्टर फिरवून लिव्हरला मॅन्युअलमध्ये दिलेला प्ले, म्हणजे तार ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पुन्हा पाहा. तो बदलत असेल तर वायर कुठेतरी ताणली जातेय, टाकीखालची वाट परत तपासा.